थर्मोडायनॅमिक्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री: कोल्हापूरची पोरं सारखी विचारतात ते प्रश्न

बारावी सायन्स, सीईटी-नीटची तयारी करणारे आणि बीएस्सीची पोरं फिजिकल केमिस्ट्रीत जे प्रश्न परत परत विचारतात ते इथं एका जागी लिहून ठेवलेत. क्रम पुस्तकाचा नाही. जिथं सगळेच अडकतात तिथं सविस्तर लिहिलंय, बाकीचं थोडक्यात. चिन्हं आपण वर्गात तोंडानं म्हणतो तशीच ठेवलीत, डेल्टा जी, ई नॉट वगैरे. डेल्टा म्हणजे बदल, नॉट म्हणजे स्टँडर्ड स्थितीतला आकडा, ई म्हणजे व्होल्टेज.

प्र. हे दोन वेगळे धडे आहेत, मग तुम्ही एकत्र का शिकवताय?

कारण ते एकच आहेत. बोर्डाच्या पुस्तकात चौथा धडा केमिकल थर्मोडायनॅमिक्स आणि लगेच पाचवा इलेक्ट्रोकेमिस्ट्री, पण मधे चाचणी येते, सुट्ट्या येतात आणि पोरांच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे तयार होतात, एकात उष्णता नि एकात बॅटरी. या दोन्हीला जोडणारी एकच ओळ आहे: डेल्टा जी = −एन एफ ई. ही ओळ नुसती पाठ करू नका, ती काय म्हणतीय ते बघा. ती म्हणतीय की सेलला व्होल्टमीटर लावला की तुम्ही थेट गिब्ज एनर्जी (जी), म्हणजे रिअॅक्शनमधनं कामासाठी मिळू शकणारी एनर्जी, मोजताय.

डॅनियल सेल घ्या, १८३६ चा, झिंक आणि कॉपरचा. स्टँडर्ड परिस्थितीत व्होल्टेज १.१० व्होल्ट. एन म्हणजे २ इलेक्ट्रॉन, एफ म्हणजे ९६,४८५ कूलंब. गुणाकार करा, डेल्टा जी नॉट येतं साधारण −२१२ किलोज्यूल. आता तीच रिअॅक्शन सेल न बांधता करा, म्हणजे झिंकची पावडर सरळ मोरचुदाच्या पाण्यात टाका. पाणी चांगलंच तापतं, निळा रंग जातो, लाल तांबं खाली बसतं, आणि एका मोलमागं बाहेर पडणारी उष्णता असते साधारण २१९ किलोज्यूल. म्हणजे डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) −२१९, डेल्टा जी −२१२. मधला सहा-सात किलोज्यूलचा फरक म्हणजे टी डेल्टा एस (तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल, एन्ट्रॉपी पुढं येतीय), तो सेलमधनं वीज म्हणून कधीच मिळणार नाही, कितीही हळू नि काळजीनं चालवा, तेवढी उष्णता बाहेर जाणारच. पण २१२ ची वीज करायची की सगळंच तापमान वाढवण्यात घालवायचं हे तुम्ही रिअॅक्शन कशी घडवता त्यावर आहे. दोन्ही धडे त्या एका बीकरात आहेत.

प्र. वर्कचं साइन प्लस की मायनस? फिजिक्सचे सर वेगळं सांगतात.

दोघंही बरोबर सांगतात. केमिस्ट्रीत डेल्टा यू = क्यू + डब्ल्यू (यू आतली एनर्जी, क्यू उष्णता, डब्ल्यू काम), सिस्टिमवर झालेलं काम प्लस. फिजिक्सच्या पुस्तकात डेल्टा यू = क्यू − डब्ल्यू, कारण तिथं सिस्टिमनं केलेलं काम प्लस धरतात, इंजिनातनं काम किती मिळालं ही त्यांची मुळातली काळजी. उत्तर दोन्हीकडं तेच येतं.

उदाहरण, गॅस १ बारच्या बाहेरच्या प्रेशरविरुद्ध २ लिटर प्रसरण पावला. एक लिटर-बार म्हणजे १०० ज्यूल, म्हणून केमिस्ट्रीत डब्ल्यू = −२०० ज्यूल. गॅसनं काम केलं, त्याच्याकडची एनर्जी गेली. गणित सुरू करायच्या आधी कागदावर लिहायचं की सिस्टिम कोण, आणि एनर्जी तिच्यात येतीय का तिच्यातनं जातीय, मग चिन्ह आपोआप येतं. आणखी एक, प्रेशर नेहमी बाहेरचं घ्यायचं. व्हॅक्यूममध्ये गॅस पसरला तर काम शून्य, कितीही पसरू दे.

प्र. एन्थाल्पी म्हणजे उष्णताच ना?

प्रेशर कायम असेल आणि प्रसरणाशिवाय दुसरं काही काम होत नसेल तर तेवढी उष्णता म्हणजे डेल्टा एच. या दोन अटी पोरं विसरतात, आणि दुसरी अट तर बहुतेक जण वाचतच नाहीत. वरच्या डॅनियल सेलकडं परत बघा, सेलमधनं वीज घेत असताना विजेचं काम होतंय, त्यामुळं तिथं उष्णता २१९ नाही, अगदी सावकाश चालवली तर सहा-सातच. डेल्टा एच मात्र तेच −२१९ राहिलं, कारण एच ही स्टेट फंक्शन आहे, वाटेवर अवलंबून नाही. उष्णता वाटेवर अवलंबून आहे.

बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये व्हॉल्यूम कायम, तिथं मिळतं ते डेल्टा यू. त्यावरनं डेल्टा एच काढायला डेल्टा एन आर टी मिळवायचं (आर गॅस कॉन्स्टंट, टी केल्विनमधलं तापमान), आणि त्या डेल्टा एनमध्ये फक्त गॅसचे मोल धरायचे. अमोनिया तयार होताना चार मोल गॅसचे दोन होतात, डेल्टा एन −२, म्हणून २९८ केल्विनला फरक जवळजवळ −५ किलोज्यूल. आर ज्यूलमध्ये आहे आणि डेल्टा एच किलोज्यूलमध्ये, हजारानं भागायचं राहिलं की सगळं गणित गेलं.

प्र. एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, अव्यवस्था, एवढं लिहिलं तर चालेल का?

दोन मार्काला चालतंय, पण समजायला पुरत नाही. एनर्जी किती वेगवेगळ्या प्रकारांनी कणांमध्ये वाटली जाऊ शकते त्याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. क्लाउझियसनं १८६५ साली हे नाव दिलं, त्याची व्याख्या उष्णता भागिले तापमान अशी होती, आणि ती उष्णता रिव्हर्सिबल वाटेनं दिलेली असायला पाहिजे. बोल्ट्झमननं पुढं त्याला मोजणीचा अर्थ दिला, ते सूत्र व्हिएन्नात त्याच्या थडग्यावर कोरलंय.

खरा घोटाळा होतो तो इथं की पोरं म्हणतात, एन्ट्रॉपी वाढलीच पाहिजे, मग पाण्याचा बर्फ कसा होतो? वाढली पाहिजे ती सिस्टिम आणि आजूबाजूची मिळून. एक मोल पाणी गोठताना त्याची एन्ट्रॉपी साधारण २२ ज्यूल प्रति केल्विननं कमी होते, पण ६.०१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. फ्रीझर −१० डिग्रीला, म्हणजे २६३ केल्विनला असेल तर आजूबाजूची एन्ट्रॉपी ६०१० भागिले २६३, म्हणजे २२.९ नं वाढते. बेरीज प्लस, गोठणार. तेच ओट्यावर १० डिग्रीला, २८३ नं भागा, २१.२ येतं, बेरीज मायनस, गोठणार नाही. तापमानानुसार हे आकडे थोडे बदलतात ते इथं सोडून दिलंय, निकाल त्यानं बदलत नाही. गिब्ज एनर्जी म्हणजे हीच बेरीज, फक्त सगळं सिस्टिमच्या भाषेत लिहून आणि उणे टी नं गुणून. म्हणून तिथं वाढण्याच्या ऐवजी कमी व्हायला लागतंय. हे एकदा स्वतः कागदावर मांडून बघा, पुढचा निम्मा धडा सोपा होतो.

प्र. डेल्टा जी आणि डेल्टा जी नॉट मध्ये नेमका फरक काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न, म्हणून इथं जरा थांबू.

डेल्टा जी नॉट हा एक ठरलेला आकडा आहे, सगळे पदार्थ स्टँडर्ड स्थितीत, गॅस १ बारला, द्रावण १ मोलरला (काटेकोर बोलायचं तर अॅक्टिव्हिटी १). डेल्टा जी म्हणजे आत्ता, या भांड्यात, जी काही काँसन्ट्रेशन आहेत त्यांना धरून रिअॅक्शन कुठं जाईल ते. दोघांना जोडणारं: डेल्टा जी = डेल्टा जी नॉट + आर टी लॉग कोशंट, हा लॉग नॅचरल, आणि कोशंट म्हणजे तयार झालेल्या पदार्थांची काँसन्ट्रेशन (गॅस असेल तर प्रेशर) भागिले सुरुवातीच्या पदार्थांची. समतोलाला डेल्टा जी शून्य होतं, डेल्टा जी नॉट नाही.

आता धुतलेले कपडे घ्या. पाण्याची वाफ व्हायचं डेल्टा जी नॉट २५ डिग्रीला +८.६ किलोज्यूल आहे. प्लस! म्हणजे पुस्तकातल्या घाईच्या नियमानं ही क्रिया नॉन-स्पॉन्टेनियस, कपडे वाळायलाच नकोत. पण वाळतात. कारण +८.६ हा आकडा १ बार वाफेसाठी आहे, आणि गच्चीवरच्या हवेत वाफ एवढी कुठं असते. समतोलाचं प्रेशर काढा, ८६०० भागिले आर टी, २.७१८ चा तेवढा उणे घात, येतं ०.०३१ बार, म्हणजे २३ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, जे तुम्ही पाण्याच्या बाष्पदाबाच्या टेबलात बघितलंय तेच. हवेत वाफ त्याहून कमी असली की डेल्टा जी मायनस, कपडे वाळतात. एप्रिलमध्ये तासाभरात वाळतात. आणि जुलैत, पंचगंगा पात्राबाहेर आलेली असते आणि आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा हवेतली वाफ जवळजवळ त्या ०.०३१ च्याच बरोबरीला आलेली असते (तापमान थोडं उतरलं की तो आकडाही उतरतो), डेल्टा जी शून्याजवळ, आणि जीन्स तीन दिवस दोरीवर ओलीच. डेल्टा जी नॉट दोन्ही महिन्यांत जवळपास तेच होतं. बदलला तो कोशंट.

प्र. कोल्हापुरात पाणी १०० डिग्रीला उकळतं का?

नाही, ९८ च्या आसपास. शहर समुद्रसपाटीपासनं साधारण साडेपाचशे मीटर उंच, हवेचा दाब ०.९४ अॅटमॉस्फिअरच्या जवळपास. बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला की उकळतंय, त्यामुळं थोडं आधीच उकळतं. लॅबमध्ये थर्मामीटर ९८ दाखवतोय म्हणून बिघडला असं समजू नका.

आणि याच्या उलटं बघायचं असेल तर हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जा. काहीलीतला रस सुरुवातीला पाण्यासारखाच उकळतो, मळी काढून काढून पाणी आटत जातं तसं उकळायचं तापमान चढत जातं आणि गूळ उतरवायच्या वेळेला ते ११८ च्या आसपास पोचलेलं असतं. गुळव्या ते हातानं, पाकाच्या गोळीवरनं ओळखतो. साखर विरघळली की पाण्याचं केमिकल पोटेन्शियल खाली येतं, त्याला वाफ व्हायला जास्त तापमान लागतं, हेच सोल्युशन्सच्या धड्यातलं बॉइलिंग पॉइंट एलिव्हेशन. फक्त तिथलं केबी गुणिले मोलॅलिटीचं सूत्र इथं लावू नका, ते पातळ द्रावणासाठी आहे आणि काहीलीत शेवटी पाणीच थोडं उरलेलं असतं.

प्र. डेल्टा जी मायनस आहे तरी रिअॅक्शन होत का नाही?

डेल्टा जी दिशा सांगतं, वेग नाही. हिऱ्याचं ग्रॅफाईट व्हायचं डेल्टा जी −२.९ किलोज्यूल आहे, तरी कुणाच्या अंगठीतला हिरा काळा पडला नाही. पेट्रोल आणि हवा टाकीत शेजारी शेजारी असतात, ठिणगी पडेपर्यंत काही होत नाही. वेगाचा हिशेब सहाव्या धड्यात, कायनेटिक्समध्ये. 'स्पॉन्टेनियस' वाचून 'लगेच' असा अर्थ घेऊ नका.

प्र. तापमान वाढवल्यावर साइन बदलतं ते खरंच कुठं दिसतं का?

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फाउंड्रीत. इंडक्शन फर्नेसचं अस्तर बऱ्याचदा सिलिकाचं असतं आणि आत वितळलेलं कास्ट आयर्न, ज्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन. सिलिका + कार्बन पासून सिलिकॉन + कार्बन मोनॉक्साईड, या रिअॅक्शनचं डेल्टा एच मोठं प्लस, पण गॅस तयार होतो म्हणून डेल्टा एस पण मोठं प्लस. कमी तापमानाला डेल्टा एच जिंकतं, रिअॅक्शन उलट्या बाजूला. तापमान चढलं की टी डेल्टा एस भारी पडतं. शुद्ध पदार्थ धरून डेल्टा जी नॉट शून्य व्हायला १६०० डिग्रीच्या पुढं जावं लागतं, पण फर्नेसमध्ये सिलिकॉन शुद्ध नसतो, लोखंडात विरघळून दोन टक्क्यांच्या आसपास पातळ झालेला असतो, त्यामुळं ही गोष्ट साधारण १४००-१४५० लाच सुरू होते. मेल्ट जास्त तापवून जास्त वेळ धरून ठेवलं की कार्बन घटतो, सिलिकॉन वाढतो आणि अस्तर झिजतं, हे फाउंड्रीतल्या माणसाला स्पेक्ट्रो रिपोर्टमध्ये दिसतं. त्याच्या मागं डेल्टा जी आणि डेल्टा जी नॉटचाच फरक आहे, कपड्यांसारखाच. ज्यांच्या घरचं कोणी फाउंड्रीत आहे त्यांनी घरी विचारून बघा, धड्यापेक्षा जास्त कळेल.

प्र. अॅनोड प्लस की मायनस?

चिन्हावरनं लक्षात ठेवू नका. अॅनोडला ऑक्सिडेशन, कॅथोडला रिडक्शन, हे कधीच बदलत नाही. गॅल्व्हॅनिक सेलमध्ये अॅनोडवर रिअॅक्शन स्वतःहून इलेक्ट्रॉन सोडते म्हणून तो मायनस. इलेक्ट्रोलिसिसमध्ये बाहेरचा सप्लाय अॅनोडमधनं इलेक्ट्रॉन ओढून घेतो म्हणून तो प्लस. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्चार्जला जी प्लेट अॅनोड असते तीच चार्जिंगला कॅथोड होते, पण तिच्यावरचं मायनसचं चिन्ह तेच राहतं. एवढं पटलं की गोंधळ संपतो.

प्र. रिअॅक्शन दोननं गुणली तर ई नॉट पण दोननं गुणायचं ना?

नाही, कधीच नाही. दोन किलो गूळ घेतला म्हणून गोडी दुप्पट होत नाही, तसं ई नॉट आहे, किती माल घेतला त्यावर ते ठरत नाही. डेल्टा जी मात्र मालावर अवलंबून आहे, रिअॅक्शन दुप्पट केली की डेल्टा जी दुप्पट, एन दुप्पट, भागाकार तोच.

याचाच पुढचा भाग जेईईला विचारतात. फेरिक पासून फेरस +०.७७ व्होल्ट, फेरस पासून लोखंड −०.४४, तर फेरिक पासून थेट लोखंड किती? पोरं सरळ बेरीज करतात, ०.३३. चुकलं. बेरीज डेल्टा जीची करायची, म्हणजे एन गुणिले ई ची: ०.७७ आणि दोन गुणिले −०.४४, बेरीज −०.११, तीन इलेक्ट्रॉननं भागा, −०.०३७ व्होल्ट. चिन्हसुद्धा उलटं आलं बघा. पूर्ण सेलमध्ये दोन ई नॉट सरळ वजा करता येतात कारण तिथं दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन सारखे असतात आणि एन कटतो. गोंधळ झाला की डेल्टा जीकडं परत जायचं.

प्र. हायड्रोजन इलेक्ट्रोड शून्य का?

ठरवलंय म्हणून. एकट्या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल व्होल्टमीटरनं मोजता येत नाही, फरकच मोजता येतो, मग कुणालातरी शून्य धरावं लागतं. लॅबमध्ये हायड्रोजनचा फुगा सांभाळत कोण बसणार, म्हणून कॅलोमेल इलेक्ट्रोड (पारा आणि पाऱ्याचं क्लोराईड) वापरतात, सॅच्युरेटेड असेल तर २५ डिग्रीला ०.२४ व्होल्ट. प्रॅक्टिकलच्या रिडिंगला ते मिळवायचं राहून जातं, तेवढं बघा. आणि जुन्या अमेरिकन पुस्तकांत ऑक्सिडेशन पोटेन्शियल दिलेली असतात, झिंक +०.७६ दिसलं की पुस्तक कुठलं ते तपासा.

प्र. नर्न्स्टमधलं ०.०५९२ कुठनं येतं?

२.३०३ आर टी भागिले एफ, टी = २९८ ठेवून. नर्न्स्टनं समीकरण मांडलं १८८९ मध्ये, आणि ते दुसरं तिसरं काही नाही, वरचं डेल्टा जी = डेल्टा जी नॉट + आर टी लॉग कोशंट घ्या आणि उणे एन एफ नं भागा, झालं नर्न्स्ट. कपडे वाळायचं समीकरण आणि बॅटरी उतरायचं समीकरण एकच.

त्यात टी आहे हे मात्र लक्षात ठेवा. मे महिन्यात आपल्या लॅबमध्ये ३५ डिग्री असतं, तिथं तो आकडा ०.०६११ होतो. पीएच मीटरवर टेम्परेचरचं बटण असतं ते याच्यासाठी.

प्र. बॅटरी उतरली म्हणजे ई नॉट शून्य झालं का?

ई शून्याकडं गेलं, ई नॉट तसंच. समतोलाला ई शून्य, आणि ई नॉट वरनं के, म्हणजे समतोल स्थिरांक, निघतो. डॅनियल सेलचा के १० च्या ३७ व्या घाताइतका येतो, म्हणजे समतोलाला तांब्याचे आयन नावालाच उरतात.

प्र. इन्व्हर्टरच्या बॅटरीत अॅसिड टाकायचं का पाणी? आणि डिस्टिल्डच का?

लोडशेडिंगच्या दिवसात हा प्रश्न पालकच विचारतात, आणि याचं उत्तर खूप काही शिकवून जातं. लेड-अॅसिड बॅटरी, प्लँटेनं १८५९ मध्ये बनवली. एका बाजूला लेड, दुसऱ्या बाजूला लेड डायॉक्साईड, मधे सल्फ्युरिक अॅसिड. डिस्चार्जला दोन्हीकडं लेड सल्फेट होतं, अॅसिड खर्च होतं, पाणी तयार होतं. म्हणून हायड्रोमीटर लावला की चार्ज कळतो: फुल असेल तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.२६ ते १.२८, उतरली की १.१५ कडं. एक सेल दोन व्होल्टच्या थोडा वर, असे सहा, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी.

आता खरा मुद्दा. पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन व्हायला थर्मोडायनॅमिक्सनं फक्त १.२३ व्होल्ट लागतात. आणि सेलमध्ये दोन व्होल्ट आहेत. मग पाणी आपोआप फुटून बॅटरी स्वतःच संपायला पाहिजे! संपत नाही, कारण लेडवर हायड्रोजन सुटण्याचा वेग फार कमी आहे, त्याला बराच जादा व्होल्टेज द्यावा लागतो, त्यालाच ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. डेल्टा जी 'हो' म्हणतंय आणि कायनेटिक्स 'थांब' म्हणतंय, त्या थांबण्यावर आपला पंखा चालतो. ओव्हरचार्ज झालं की मात्र पाणी फुटतं, गॅस जातो, अॅसिड मागं राहतं. गेलं ते पाणी, म्हणून टाकायचं ते पाणीच, अॅसिड नाही. आणि नळाच्या पाण्यात लोखंड, क्लोराईड असतं, त्यानं बॅटरी बसल्या बसल्या उतरायला लागते आणि प्लेटा खराब होतात, म्हणून डिस्टिल्ड. बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो.

मिठाच्या पाण्याच्या इलेक्ट्रोलिसिसमध्ये ऑक्सिजनच्या आधी क्लोरीन का येतो, त्याचंही उत्तर हेच, ओव्हरपोटेन्शियल.

प्र. हुपरीत चांदीवर सोन्याचं पाणी देतात त्याचं गणित कसं करायचं?

फॅरडेचा नियम. एक अॅम्पिअर एक तास म्हणजे ३६०० कूलंब, भागिले ९६,४८५, म्हणजे ०.०३७३ मोल इलेक्ट्रॉन. चांदीला एक इलेक्ट्रॉन, १०८ नं गुणा, ४.०३ ग्रॅम. सोनं सायनाईड बाथमध्ये एक धन (+१) असतं, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन, १९७ नं गुणा, ७.३५ ग्रॅम. तांबं मोरचुदातनं दोन इलेक्ट्रॉन घेतं, १.१९ ग्रॅम. कारखान्यात थोडं कमीच चढतं कारण काही करंट हायड्रोजन सोडण्यात जातो.

सायनाईडच का, हा त्यातला चांगला प्रश्न. तांब्याची पट्टी सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली तर करंट न देताच चांदी बसायला लागते, पण ती भुसभुशीत, बोटानं निघणारी. सायनाईड चांदीच्या आयनाला इतकं घट्ट धरून ठेवतं की मोकळे आयन जवळजवळ उरत नाहीत, नर्न्स्टमध्ये टाका, +०.८० व्होल्टचं पोटेन्शियल शून्याच्या खाली उतरतं. मग ती आपोआप बसण्याची घाई जाते आणि करंटच्या ताब्यात राहून गुळगुळीत, घट्ट थर चढतो. या बाथमध्ये अॅसिड कधीही पडता कामा नये, हायड्रोजन सायनाईड गॅस सुटतो आणि तो जीव घेतो. कारखाना बघायला गेलात तरी लांबनं बघा, हात लावू नका.

प्र. काळे पडलेले पैंजण घरी कसे उजळायचे?

काळं म्हणजे सिल्व्हर सल्फाईड. भांड्यात अॅल्युमिनियम फॉईल, गरम पाणी, खायचा सोडा, आणि पैंजण फॉईलला टेकलेले. अॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, सल्फाईडची परत चांदी होते. घासून काढलं तर दर वेळी थोडी चांदी जाते, इथं जात नाही. खडे बसवलेल्या दागिन्याला करू नका.

प्र. सॉल्ट ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराईडच का?

पोटॅशियम आणि क्लोराईड जवळजवळ सारख्या वेगानं सरकतात, त्यामुळं जोडाच्या ठिकाणी फालतू व्होल्टेज तयार होत नाही. चांदी किंवा शिसं असेल तर मात्र क्लोराईडचा गाळ बसतो, तिथं पोटॅशियम नायट्रेट नाहीतर अमोनियम नायट्रेट.

प्र. पाणी घालत गेलं की कंडक्टिव्हिटी कमी होते, मग मोलर कंडक्टिव्हिटी वाढते कशी?

पहिली एका घन सेंटीमीटरमध्ये किती आयन आहेत त्यावर, पातळ केलं की कमी होणारच. दुसरी एका मोलमागं. पातळ केल्यावर आयन एकमेकांपासनं लांब जातात, ओढाताण कमी होते, आणि अॅसेटिक अॅसिडसारखं दुबळं असेल तर जास्त रेणू फुटतात, म्हणून त्याची इतकी झपाट्यानं वाढते की ग्राफ लांबवून शून्यापर्यंत नेता येत नाही. तिथं कोलराऊशचा नियम, आयनांच्या वाट्यांची बेरीज-वजाबाकी: हायड्रोक्लोरिक ४२६, अधिक सोडियम अॅसिटेट ९१, वजा सोडियम क्लोराईड १२६, उत्तर ३९१. हे चार आकडे पाठ असू देत, दर एक-दोन वर्षांनी कुठंतरी येतात.

प्र. घरी करण्यासारखा एखादा प्रयोग?

लिंबू, तांब्याची तार, आणि गॅल्व्हनाइज्ड खिळा. मल्टीमीटर लावा, साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. डॅनियलचे १.१० नाहीत, कारण इथं तांब्याचे आयन नाहीतच, तांब्याच्या तारेवर लिंबातला हायड्रोजन आयन इलेक्ट्रॉन घेतोय, तार फक्त जागा देतीय. एका लिंबावर एलईडी लागत नाही, चार लिंबं सिरीजमध्ये जोडा, लाल एलईडी घ्या, खोली अंधारी करा, मंद लागतो. व्होल्ट पुरेसे झाले तरी उजेड कमी का? लिंबाच्या आतला रेझिस्टन्स मोठा आहे, करंट जेमतेम मिलिअॅम्पिअरच्या आसपास. तार खिळ्याच्या जवळ आणून बघा, लिंबू हातानं दाबून मऊ करून बघा, काय फरक पडतो ते वहीत लिहा. प्रयोग झाल्यावर ती लिंबं सरबताला वापरू नका, खिळ्यावरचं झिंक रसात उतरलेलं असतं.